‘देश म्हणजे टँकर’ : नववीतल्या एका निबंधावरून

फळा_खडू

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. मागच्या आठवड्यात वर्गात ‘माझा देश’ हा निबंध लिहून घेतला आणि वह्यांचा गठ्ठा घरी आणला. बहुतेक निबंध एकाच वळणाचे होते. भारत माझी आई, हिमालय तिचा मुकुट, सागर तिचे पाय धुतो. यात मुलांची चूक नाही. मीच तसं शिकवलंय, आणि मला माझ्या बाईंनी तसंच शिकवलं होतं. गठ्ठ्याच्या तळाशी एका मुलीची वही होती. तिनं लिहिलं होतं:

‘माझा देश आमच्या वस्तीत येणाऱ्या टँकरसारखा आहे. टँकर सगळ्यांचा असतो पण ज्याचा पाईप आधी पडतो त्याला पाणी मिळते. मागच्या उन्हाळ्यात भांडण होऊन एका काकूंचे डोके फुटले. मग आईने व शेजारच्या काकूंनी नंबराची वही केली. आता कोपऱ्यातल्या आजीला पण दोन गुंड पाणी मिळते. म्हणून मला माझा देश आवडतो.’

मी लाल पेनानं ‘विषयांतर’ असं लिहिलं आणि १० पैकी ४ गुण दिले. रात्री अंथरुणावर पडले तरी ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. त्यातला ‘म्हणून’. बाकी कुणाच्याच निबंधात देश आवडण्याचं कारण दिलेलं नव्हतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. अलंकार शिकवताना आम्ही सांगतो की उपमेत ‘सारखा’ असतो, उत्प्रेक्षेत ‘जणू’ असतो, आणि रूपकात दोन्ही गळून एक वस्तू दुसरी होऊनच बसते. राजकारणाची भाषा या तिसऱ्या पायरीवर जगते. देश आईसारखा आहे असं म्हणेपर्यंत आपण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघत असतो, इथं जुळतं, इथं जुळत नाही. देश आईच आहे म्हटलं की ते बघणं थांबतं. मग आईला हिशेब विचारायचा नसतो, आणि ती मुलांमुलांत डावं-उजवं करते म्हणणारं पोर कृतघ्न ठरतं. टँकर म्हटलं की पहिलाच प्रश्न रांगेचा. कोणता प्रश्न विचारणं रास्त आणि कोणता विचारणं पाप, हे रूपक आधीच ठरवून मोकळं होतं. आणि आपण भारतीय म्हणजे नेमके कोण, लेकरं की भक्त की शिपाई की रांगेतले शेजारी, तेही त्यातच ठरून जातं.

तुमच्या कानावर रोज पडणारी अशी रूपकं इथं लिहाल का? त्या चित्रात तुम्ही स्वतः कुठं उभे असता, तेही लिहा. मला हे वर्गात न्यायचं आहे.

इतवारीकर

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या इतवारीत दर वर्षी रस्त्यानं चालत जातं. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची ही प्रथा. लोक ओरडतात, ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’ मारबतींच्या संगतीनं बडगे निघतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. बडग्या म्हणजे त्या वर्षाची जी पिडा असेल तिचा पुतळा.

आमच्या मंडळाचा बडग्या गेली पंचवीसेक वर्षं मी बांधतो. बांबूच्या कमच्या, सुतळी, तरट, जुने पेपर आणि मैद्याची खळ. सांगाडा उभा करायला चार दिवस, चेहऱ्याला एक रात्र. पण खरं काम त्याच्याही आधी बैठकीत होतं. यंदा पिडा कोण? महागाई म्हटलं की सिलेंडर करायचा, भ्रष्टाचार म्हटलं की मोठ्या पोटाचा माणूस. सगळ्यात लवकर ठरतो तो शेजारचा देश. पाच मिनिटांत बैठक आटोपते, सगळे खूश होऊन चहा घेतात. एका वर्षी मी म्हटलं, आपल्याच गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा करू, दोन पोरांना डेंग्यू झालाय. बैठक रात्री एकपर्यंत चालली. गटाराचं काम केलेला माणूस आमचाच वर्गणीदार. शेवटी कुणाचंही नाव येणार नाही असा एक मोठा डास केला.

तेव्हापासून मी पाहत आलोय. जी पिडा झटकन ठरते तिच्याबद्दल आम्ही सगळ्यात कमी विचार केलेला असतो. ‘आपण’ कोण हे आम्ही मिरवणुकीत ठरवतो, आणि ते ठरवतो कुणाला गावाबाहेर न्यायचं यावरून.

अजून एक. काळी मारबत ही भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईची, अशी आख्यायिका आहे. इंग्रजांना मिळाली म्हणून तिची मारबत. लहानपणी आजोबांनी एवढंच सांगितलं होतं, ‘ती फितूर होती.’ मोठेपणी वाचायला लागलो तेव्हा कळलं की १८१७मध्ये सीताबर्डीला हार झाली, पुढं १८५४मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि या सगळ्यात कितीतरी सरदार, दिवाण, कारभारी होते. पुतळा मात्र एका बाईचा. राज्य का गेलं हे समजून घेणं अवघड होतं, म्हणून ती सगळी हार एका विधवेच्या अंगावर घातली असावी, असं मला वाटतं. मारबतीवर माझं प्रेम आहे, दर वर्षी खांदा देतो. पण तिच्या चेहऱ्याकडे बघताना आता घसा भरून येतो.

रेशीमबाग_चौक

बाई, धागा मनापासून आवडला, पण आईबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला माझा विरोध आहे, तो नोंदवतो.

माझे आजोबा १९२३च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. चौथीपर्यंत शिकलेले. स्वराज्य, सार्वभौमत्व, घटना हे शब्द त्यांच्या कानावरून गेले असतील-नसतील. ‘माय’ हा शब्द मात्र त्यांना हाडामांसासकट कळत होता. १९४२ला चिमूर आणि आष्टीला लोक उठले, ते तुकडोजी महाराजांची भजनं ऐकून. झाडं शस्त्रं होतील, दगड बॉम्ब होतील, भक्त सेना होतील असं महाराज गात होते. ते रूपकच होतं की नाही? खंजिरीवरच्या त्या रूपकाला सरकार इतकं घाबरलं की महाराजांना अटक केली. नुसता करार किंवा हिशेब यासाठी घरदार सोडून कुणी निघतं का, सांगा.

आणि आई म्हटलं की प्रश्न विचारता येत नाही, हे मला पटत नाही. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५मध्ये भारतमातेचं चित्र काढलं तेव्हा तिच्या चार हातांत पोथी होती, भाताच्या लोंब्या होत्या, वस्त्र होतं आणि जपमाळ होती. शस्त्र एकही नव्हतं. जेवण, कपडा, विद्या. हेच तर आपण आईकडे मागतो, आणि हट्टानं मागतो. मुलानं मागू नये असं आई कधी म्हणते? म्हणतात ते घरातले दुसरेच लोक.

निळी_पाखरं

रेशीमबाग_चौक दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच घरातल्या दुसऱ्या लोकांबद्दल मला लिहायचं आहे.

१४ ऑगस्ट १९३१ला मुंबईत मणिभवनात बाबासाहेब गांधीजींना म्हणाले, मला मायभूमी नाही. ते देशाच्या विरोधात बोलत नव्हते. ते त्या रूपकाच्या आत शिरून बोलत होते. आई असेल तर तिच्या घरात माझ्या ताटाला जागा हवी, विहिरीवर माझ्या घागरीला जागा हवी. ती नसेल तर त्या शब्दात मी कुठं आहे? बाई, तुम्ही विचारलंत ना, चित्रात तुम्ही कुठं उभे असता. आमची माणसं ओसरीच्याही खाली, अंगणाच्या पलीकडे उभी होती.

त्यांनी स्वतः दुसरी रूपकं केली. १९२०मध्ये ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटलं, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडीच नाही. त्याच लेखात आगबोटही आहे. बोटीतल्या एकानं दुसऱ्याचं नुकसान करायला बोटीला भोक पाडलं तर तोही बुडणार. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ला ते म्हणाले की भारतातली लोकशाही ही मुळात लोकशाही नसलेल्या मातीवर दिलेला वरचा थर आहे. तिथं त्यांनी शेतीतला शब्द वापरला होता. आपल्याकडचा शेतकरी त्याला वरखत म्हणतो. वरखत एकदा देऊन भागत नाही, आणि खालची माती सुधारली नाही तर पाऊस पडला की वाहून जातं. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९४९ला, ते आणखी स्पष्ट बोलले: हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होतील, सामाजिक आणि मानसिक अर्थानं आपण अजून राष्ट्र नाही हे जितक्या लवकर ओळखू तितकं बरं.

‘अजून नाही’ हे ऐकायला कडू आहे, पण मला त्यात सगळ्यात जास्त माया दिसते. आई आधीच पूर्ण असते, तिच्यात भर घालायला आपल्याला काही उरत नाही. जे अजून झालेलं नाही ते करायला माझ्यासारखीलाही हात लावता येतो. उद्देशिका मराठीतून वाचा. आम्ही भारताचे लोक गणराज्य ‘घडविण्याचा’ निर्धार करतो. घडवतो सोनार, घडवतो कुंभार. ते क्रियापद आहे म्हणून मी रोज मुलांकडून उद्देशिका म्हणून घेते.

एक गोष्ट पेपरवाल्यांसाठी. दर वर्षी दीक्षाभूमीवर आम्ही येतो आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं, ‘निळा महासागर उसळला’. मला तो शब्द नको वाटतो. सागराला चेहरा नसतो. माझी आजी उमरेडहून भाकरी-चटणी फडक्यात बांधून यायची. तिला वाचता येत नव्हतं. दर वर्षी ती स्टॉलवरून एक पुस्तक विकत घ्यायची, छातीशी धरून परत न्यायची आणि माझ्या हातात द्यायची. पुस्तकाच्या कव्हरला तिच्या हाताचा घाम लागलेला असायचा. माझ्यासाठी १४ ऑक्टोबर १९५६चा अर्थ त्या कव्हरवर आहे.

काटोलचा_संत्रा

बाई, नमस्कार. मी काटोल तालुक्यातला शेतकरी. संत्र्याची बाग हाय, चार एकरात सोयाबीन रायते. तुमी विचारलं का त्या चित्रात तुमी कुठं उभे, म्हणून लिवतो. आमच्या बोलीत लिवतो, समजून घ्या.

आमाले तीन नावं देल्ली लोकायनं. अन्नदाता, पोशिंदा, बळीराजा. पोळा आला का पेपरात बळीराजा, निवडणूक आली का अन्नदाता. मांगच्या दिवाळीच्या आंधी म्या कळमन्याले सोयाबीन नेलं. रातभर ट्रॅक्टर लायनीत. सकाळी अडत्याच्या मानसानं मूठभर दाणे यंत्रात टाकले, ओलावा १२च्या वर निंघाला, भाव पडला. म्या म्हनलं, ‘भाऊ, काढणीत पानी आलं, त्याले मी काय करू?’ तो म्हने, ‘राजे, विकता का वापस नेता?’ वऱ्हाडात राजे म्हनाची रीतच हाय, त्याच्या मनात काई वाईट नवतं. पन त्या दिवशी तो शब्द मले लागला. घरी येईपर्यंत आयकू येत होता.

बाई, ‘दाता’ या शब्दात खोट हाय. दाता देते, भाव करत नाई. मंदिराले देणगी देनारा मानूस भाव ठरवून देते का? म्हणून आमाले अन्नदाता म्हनलं का आमचं भाव मांगनं हावरेपनाचं दिसते. मी दाता नाई जी, मी विकनारा हाय. माह्या बापानं शरद जोशींची सभा आयकली होती. तवापासून घराच्या दारावर खडूनं लिवलेलं होतं, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. त्या पाच शब्दायत माह्या बापाले त्याची जागा भेटली. ‘इंडिया’ येगळा आन ‘भारत’ येगळा, हे बी त्यायनंच गावोगाव नेलं. देश एक हाय म्हनाले सोपं, पन बाजारात उभं रायलं का दोन दिसतेत.

आन बळी म्हनता तर पुरा बळी सांगा. जोतीरावांनी सांगितला तो. न्यायानं राज्य करे, वाटून खाये, आन त्याले कपटानं पाताळात घातलं. इतवारीकर भाऊ, तुमच्या मारबतीची इडा पिडा आन आमची माय दिवाळीले ओवाळतानी म्हनते ती इडा पिडा एकच. तुमच्याकडे पिडा गेली का मिरवणूक सरते. माय म्हनते, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ तिचं अर्धं वाक्य अजून बाकी हाय.

धंतोली_वाचक

काटोलच्या भाऊंनी लिहिल्यावर खरं तर काही लिहायला नको होतं, पण वकिलीतलं एक सांगावंसं वाटतं.

माझ्याकडचे निम्मे दावे वाटणीचे. भाऊ भावावर दावा लावतो, बहीण हिस्सा मागते. कागदावरचे शब्द कोरडे असतात. हिस्सा, ताबा, मोजणी, फेरफार. पक्षकार कोर्टाच्या व्हरांड्यात रडतात, भांडतात. पण इतक्या वर्षांत वाटणी मागितली म्हणून ‘तू या घरचा नाहीस’ असं कोर्टानं कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. सातबारा वेगळा झाला तरी आडनाव तेच राहतं, सुतक तेच राहतं.

हाच व्यवहार राज्यांचा असला की आपण शब्द बदलतो. मराठीत किती छटा आहेत पाहा. घराची होते ती वाटणी, १९४७ची ती फाळणी, आणि राज्याचे मात्र एकदम ‘तुकडे’. वेगळ्या विदर्भाचं नाव काढलं की महाराष्ट्राचे तुकडे, आईचे लचके. माझं मत विदर्भाच्या बाजूचं आहे ते मी लपवत नाही, पण ज्यांचं मत उलट आहे त्यांनीही हे तपासावं. १९५३च्या नागपूर करारानं विदर्भाला आश्वासनं दिली. १९५५मध्ये फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. तरी १९५६मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं आणि १ मे १९६०ला मंगल कलश आला. या सगळ्यावर आकड्यांनी, कागदांनी वाद घालता येतो. ‘तुकडे’ म्हटलं की तो वाद तिथंच मिटतो, कारण आईचे तुकडे करावेत का यावर दुसरी बाजू मांडणार कोण? संविधानाच्या अनुच्छेद ३ची भाषा बघा. नवीन राज्य निर्माण करणे, क्षेत्र वाढवणे, कमी करणे, सीमा बदलणे, नाव बदलणे. रक्त सांडणारं एकही क्रियापद त्यात नाही. २०००मध्ये तीन राज्यं झाली, २०१४मध्ये तेलंगणा झालं. देश आहे तिथंच आहे.

आमच्या बाजूचंही सांगतो. आम्ही वर्षानुवर्षं ‘सावत्र आईची वागणूक’ म्हणत राहिलो. सावत्रपणा म्हटलं की तक्रार मायेची होते, आणि माया मोजता येत नाही. १९८४मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आला आणि ‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, हा शब्द घरोघरी पोचला. मग सिंचन किती, रस्ते किती, शाळा किती, असं बोलता यायला लागलं. नुसता शब्द बदलल्यानं पाणी आलं असं मी म्हणत नाही. पण पाण्याचा आकडा विधानसभेत मांडता आला.

उपसंपादक_रात्रपाळी

निळी_पाखरं ताई, ‘महासागर’ वाचून मान खाली गेली. तो मथळा मीही दिला आहे.

मी एका दैनिकात रात्रपाळीला मथळे लावतो. निवडणुकीच्या काळात आमच्या पानावर बालेकिल्ले असतात, त्यांना सुरुंग लागतात, खिंडारं पडतात, तोफा धडाडतात, उमेदवार गड राखतात. शिवकाळ आपल्या रक्तात आहे म्हणून हे शब्द आपोआप येतात आणि वाचकालाही आवडतात. पण बाईंच्या प्रश्नानं मी आज पहिल्यांदा शोधलं, या चित्रात मतदार कुठं आहे? किल्ला नेत्याचा, तोफ नेत्याची. मतदार फार तर तटाचा दगड. आणि समोरच्या पक्षाला मत देणारा माझा सख्खा शेजारी शत्रूच्या गोटात.

याहून जास्त बोचणारा शब्द ‘लोंढे’. मे २०२०मध्ये मजूर पायी परत जात होते तेव्हा मी लिहिलं, ‘स्थलांतरितांचे लोंढे शहराच्या वेशीवर’. लोंढा पुराचा असतो. त्याला बांध घालतात, त्याला नाव कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी वर्धा रोडवरच्या टोलनाक्यावर मित्रांबरोबर खिचडी वाटायला गेलो. हैदराबादहून आलेली एक बाई डोक्यावरचा बोजा उतरवत होती. बोजात चादरीत गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि ते चालू होतं. मी विचारलं, कुठं जायचंय? म्हणाली, बालाघाट. १९५६पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी हेच शहर. म्हणजे ती लोंढा होऊन आली ती तिच्या आजी-आजोबांच्या राजधानीत. त्या रात्री मथळ्यात ‘मजूर’ हा साधा शब्द टाकला. तो कुणाच्या लक्षातही आला नसेल.

बाई, एक विचारायचं होतं. त्या मुलीच्या वस्तीतली नंबराची वही कुणाकडे असते? तिला विचाराल का?

झिरो_माईल

छोटीशी भर. नागपुरात ‘संघ’ म्हटलं की रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघ हा एक अर्थ, दीक्षाभूमीवर ‘संघं शरणं गच्छामि’ म्हणताना दुसरा, आणि संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात, ‘इंडिया, अर्थात भारत, हा राज्यांचा संघ असेल’, तिसरा. शब्द एक, आणि तिन्ही अर्थांची माणसं विजयादशमीला एकाच शहरातून वाहतूक पोलिसांच्या शिट्ट्यांवर चालतात. मी दोन्हीकडच्या मित्रांना दर वर्षी म्हणतो, एकमेकांचा ‘संघ’ समजून तरी घ्या.

गावाचंही तसंच. तुकडोजी महाराजांनी गावाला विश्वाचा नकाशा म्हटलं. बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याला कोत्या वृत्तीचं आणि अज्ञानाचं डबकं म्हटलं. एक मोझरीचा, एक ज्याचं जीवन गावकुसाबाहेरच्या अनुभवातून घडलं. दोघं खरं सांगत होते. नकाशा पाहणारा गावाच्या आत उभा होता, डबकं पाहणारा वेशीबाहेर ठेवला गेला होता. मुलांना दोन्ही एकाच तासाला शिकवा, बाई, ही विनंती.

रेशीमबाग_चौक

निळी_पाखरं ताई, ‘मला मायभूमी नाही’ हे वाक्य मी आजवर आरोप म्हणून ऐकलं होतं. तुम्ही ते ताटापासून आणि घागरीपासून सांगितलंत. दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. आईचं रूपक मी सोडणार नाही, ते माझ्या आजोबांचं आहे. पण ते वापरताना यापुढं तुमची आजीही त्या घरात बसलेली मला दिसायला हवी, नाहीतर आजोबांचा तुरुंग फुकट गेला.

फळा_खडू

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, परीक्षा होत्या. तुमचे प्रतिसाद छापून वर्गात नेले. काटोलच्या भाऊंचं पत्र मुलांनी त्यांच्या बोलीतच मोठ्यानं वाचलं, आणि मागच्या बाकावरची दोन मुलं, जी एरवी वाचायला उभी राहायची म्हणजे अंग चोरतात, ती त्या दिवशी आपणहून उठली. ‘विषयांतर’ खोडून मी त्या मुलीच्या वहीत गुण दुरुस्त केले आणि तिला सांगितलं की माझी चूक झाली होती.

मधल्या सुट्टीत तिला उपसंपादक दादांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, ‘बाई, वही एकेका आठवड्याला एकेका घरी असते. ज्याच्याकडे वही असते त्यांनी स्वतःचा नंबर शेवटी लावायचा, असं आईनं ठरवलंय.’ मी म्हटलं, छान आहे की. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘पण मागच्या खोलीत भाड्यानं राहतात ना, शिवनीकडचे, त्यांच्याकडे वही अजून दिली नाही. पाणी देतात त्यांना. पण नाव वहीत लिहायचं का नाही यावर मोठ्या लोकांचं भांडण चालू आहे. काही काकू म्हणतात ते आपल्या वस्तीचे नाहीत.’

मी विचारलं, किती दिवस झाले त्यांना राहून?

‘चार वर्षं. त्यांची मुलगी आपल्याच शाळेत आहे, बाई. सहावीत.’